छातीचं मलम आणि मागे घेतलेलं पत्रक

मुंबईला मी पत्रक वाटायला गेले होते. परत आले ती तेच पत्रक मागे घेऊन. आपल्या सोलापूरच्या मंडळाच्या बैठकीत हे मी दोन वाक्यांत सांगितलं आणि कुणालाच काही कळलं नाही, म्हणून आता सगळं लिहून काढते. तुमच्यातले बरेच जण मुंबईला गेलेले नाहीत. गेलात तर समुद्र बघाल, उंच इमारती बघाल. मी त्यातलं फारसं काही पाहिलं नाही. मी छात्या पाहिल्या, जिने पाहिले आणि एका प्रयोगशाळेत डुकराचे कान पाहिले. फार दमून आले आहे, त्यामुळे लिखाणात ठसका कमी वाटला तर समजून घ्या.

आपल्याकडे पत्र आलं होतं ते वरळीहून, जयवंत कांबळे यांचं. वीस वर्षं गिरणीत साच्यावर काढलेला माणूस, म्हणजे विणकर. संपात नोकरी गेली, मग हृदयाचं दुखणं लागलं. पत्रात लिहिलं होतं: 'इस्पितळातून छातीला लावायचं मलम मिळतं. लावलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. दोनदा जिन्यात पडलो. चाळीत आणखी दोघांना असंच होतं.' मी एका संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा: 'औषध की विष?' शेवटची ओळ: 'हे मलम आजच फेकून द्या!' बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं की 'फेकून द्या' नको, 'डॉक्टरांना विचारा' म्हणू या. मी म्हटलं, विचारा असं सांगायला कुणी पत्रक काढत नाही. पत्रकाखाली मंडळाचं नाव होतं आणि माझं.

वरळी

कांबळ्यांची खोली बीडीडी चाळीत तिसऱ्या मजल्यावर. मधे लांबच लांब काळोखा बोळ आणि दोन्ही अंगांना खोल्या. आपल्याकडे पाहुणा आला की आधी तांब्या पुढे करतात. इथे पाहुणा आला की घरातलं एक माणूस उठून बाहेर बोळात जाऊन उभं राहतं, म्हणजे पाहुण्याला बसायला जागा होते. मी गेले तेव्हा जयवंतमामाच उठले. छातीचा रोगी माझ्यासाठी बाहेर उभा राहतोय म्हटल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बस गं पोरी," सुमनमामी म्हणाल्या. "त्यांना सवय हाय. पाणी पहाटे साडेपाचला येतं, नंतर मागू नकोस. मिळायचं न्हाई."

जेवायला भात आणि सुका जवळा. मी सोलापूरहून शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या नेल्या होत्या. मामांनी एक भाकरी हातात घेऊन वाजवून बघितली.

"ही खायची का हिनं दार बडवायचं?"

"खायची, मामा. मोडून."

"मोडायलाच ताकद पायजे," ते म्हणाले आणि हसता हसता त्यांना धाप लागली.

मी विचारलं, संप कधी संपला म्हणायचा? मामा म्हणाले, "संप चालूच आहे. मागं घेतल्याचं पत्रक कुठं आलंय?" मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. संपाच्या दिवसांत रोज नवी अफवा उठायची, म्हणून या वस्तीने एक शिस्त लावून घेतली होती. तोंडी बातमीवर कुणी हलायचं नाही. छापील कागद आला तर खरं, आणि कागदाच्या तळाशी सही असेल तरच तो कागद. संप जाऊन वर्षं झाली, गिरण्यांच्या भोंग्यांची वेळ विसरत चालली, पण ही शिस्त अजून अंगात आहे. हे मी तेव्हा वहीत कौतुकाने उतरवून घेतलं.

सात वाजता मामा शर्ट काढून चटईवर बसले. मामींनी फळीवरून एक बाटली काढली. शेंगतेलात कापूर, निलगिरीचं तेल आणि पुदिन्याचे खडे विरघळवलेले. झाकण काढताच डोळ्यांत पाणी आलं. मामा पाळीवरून कापसाच्या धुळीने भरलेली छाती घेऊन यायचे, तेव्हापासूनची ही बाटली. चाळीत घरोघरी हा रिवाज: पाळी सुटली की आधी चहा, मग घरच्या बाईने छाती आणि खांदे चोळायचे. गिरणी गेली, पाळी गेली, चोळणं राहिलं.

"इतक्या वर्षांत एक दिवस चुकवला न्हाई," मामी म्हणाल्या. "भांडण झालं तरी चोळते."

"त्या दिवशी जरा जोरात," मामा म्हणाले.

छाती लालबुंद झाल्यावर मामींनी इस्पितळाची ट्यूब घेतली. ट्यूबबरोबर रेघा मारलेले कागदाचे तुकडे येतात. त्यावर रेघेइतकं मलम पिळायचं. मामींनी बरोबर तेवढंच पिळलं, टिपूसही जास्त नाही. मग ते त्या तापलेल्या छातीवर घेऊन तळव्याने पार दिसेनासं होईपर्यंत चोळलं. "जिरवायला नको? वरच्या वर लावून काय उपयोग?"

थोड्या वेळाने मामांचं कपाळ घामाने भिजलं. उठायला गेले आणि भिंतीला टेकून खाली बसले. मामी पदराने वारा घालत होत्या आणि मी घड्याळ बघत होते. मी वहीत लिहिलं, 'मलम लावल्यावर वीस मिनिटांत भोवळ.' बाटलीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. पण बाटली कुठल्या कंपनीने बनवलेली नव्हती, त्यामुळे ती मला दिसलीच नाही.

डिलाईल रोड

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन निघाले. चाळीच्या फाटकाशी पाटी घेऊन बसलेल्या कोळणीने पहिलं पत्रक घेतलं, मथळा वाचला आणि त्यात दोन बोंबील गुंडाळून गिऱ्हाईकाच्या हातात दिले. "कागद बरा हाय गो तुजा," ती म्हणाली. "जाड हाय."

डिलाईल रोडवर दुपारपर्यंत तेच. लोक पत्रकांना विटलेले. एकजण म्हणाला, "बाई, एवढी पत्रकं वाचली की त्यांच्यावर नुसतं झोपलो असतो तरी गादी झाली असती." पण घेतलेलं पत्रक मात्र प्रत्येकजण आधी तळाशी बघायचा. आपल्याकडे माणूस पान उलटून मागे कोरं आहे का ते बघतो, हिशेबाला बरं म्हणून. इथे नाव बघतात.

जेवायला एका मालवणी बाईंच्या खानावळीत शिरले. गावी कुटुंब ठेवून इथे एकेकटे राहणारे गिरणीकामगार अशाच खानावळींत जेवत आले. आता गिरणी नाही, तरी काही जण येतातच. बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण होतं. मी सोलापूरची, मासा खायची सवय नाही. तिसऱ्या घासाला काटा घशात. डोळे पांढरे झाले. शेजारच्या पाटावरचे एक साठीचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "भाताचो मुटको गिळ. चावू नको, गिळ." मी गिळला. काटा गेला.

हे सावंतकाका. पूर्वी सूतखात्यात. सात-आठ जणांत भाड्याने घेतलेल्या खोलीत राहतात, घरची मंडळी कणकवलीकडे. मी आभार मानले आणि अर्थातच पत्रक दिलं. ते वाचता वाचता थांबले. शर्टाच्या खिशातून तीच ट्यूब काढून त्यांनी पाटाशेजारी ठेवली.

"ह्याच मा?"

"हेच."

"माका कधी चक्कर येवक नाय."

"अजून आली नाही, काका," मी म्हटलं. "अजून."

आज हे लिहिताना त्या एका शब्दाची मला लाज वाटते. त्यांनी पत्रकाच्या तळाशी बोट ठेवलं. "ह्या नाव तुमचा?"

"माझंच."

ते उठले, हात धुतले, रस्त्यावर गेले आणि ट्यूब गटारात टाकून आले. पत्रक वाचून कुणी तिथल्या तिथे काही केलं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मला टाळी वाजवावीशी वाटली. नंतर मी ताकही प्यायले.

गिरगाव, मग परळ

पत्रकाला एका शास्त्रज्ञाची सही मिळाली असती तर इस्पितळावर मोर्चा नेता आला असता. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मेधाकडे गेले. ती आपल्या मंडळातल्या एकाची मावसबहीण. गिरगावात चाळीतच राहते, पण तिथल्या चाळीला लाकडी कठडे आणि कुंड्या. ती औषध त्वचेतून आत कसं जातं यावर प्रबंध लिहिते आहे. तिच्या आईने पोहे दिले आणि मला बजावलं, "हिला सांग, कानांची पिशवी घरी आणायची नाही. परवा मी वांगी समजून उघडली."

कान डुकराचे. परळच्या अंगाला तिची प्रयोगशाळा आहे, तिथे गेल्यावर उलगडा झाला. डुकराच्या कानाची कातडी माणसाच्या कातडीशी बरीच मिळतीजुळती. काचेचे दोन छोटे पेले तोंडाला तोंड लावून ठेवायचे, मधे कातडीचा तुकडा ताणायचा, वरून औषध लावायचं आणि खालच्या पेल्यातल्या पाण्यात किती उतरलं ते तासातासाने मोजायचं. अशा दहा-बारा जोड्या ओळीने उभ्या होत्या. वास आमच्या गावच्या खाटीकआळीचा.

मी टेबलावर पत्रक ठेवलं. मामांकडची एक ट्यूब पुरावा म्हणून आणली होती, तीही ठेवली. मेधाने पत्रक वाचलं.

"'विष' हे तुला कुणी सांगितलं?"

"माणसं पडतायत."

"सगळी?"

सावंतकाका आठवले, पण बोलले नाही.

"लावतात कसं ते सांग. एकेक पायरी. पत्रकासारखं नको, नीट सांग."

मी सांगत गेले. शेंगतेल म्हटलं, तिने मान वर केली. कापूर म्हटलं, पेन खाली ठेवलं. निलगिरी आणि पुदिन्याचे खडे म्हटल्यावर ती खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसली. मला राग आला.

"तुला हसू येतंय? माणूस जिन्यात पडलाय."

"सॉरी. अगं, पण माझा अख्खा प्रबंध आहे त्या बाटलीत!" तिने मागचं कपाट उघडलं. आत एकसारख्या बाटल्यांच्या रांगा. "चार वर्षं मी हे एकेक करून तपासतेय. आणि त्या बाईंनी सगळे एकत्र करून फळीवर ठेवलेत."

मग तिने मला जे समजावलं ते मला कळलं तसं सांगते. आपल्या कातडीचा अगदी वरचा पापुद्रा म्हणजे मेलेल्या पेशी, आणि त्यांच्यामधे स्निग्ध पदार्थ भरलेला. त्या स्निग्ध पदार्थाचे रेणू लांब शेपटांचे, आणि शेपटं एकमेकांना चिकटून सरळ उभी. मी म्हटलं, मागावरच्या ताण्याच्या धाग्यांसारखी? ती म्हणाली, हो, तू सोलापूरची, तुला सोपं जाईल. औषधाला त्या धाग्यांमधून वाट काढायची असते आणि वाट नसते.

तिने दोन बाटल्या माझ्यापुढे ठेवल्या. "दोन्ही आम्लं. दोन्हीत अठरा कार्बनांची साखळी. ह्याची साखळी सरळ. हे कातडीत गेलं की इतर धाग्यांच्या रांगेत गुपचूप उभं राहतं, काही फरक पडत नाही. आता हे दुसरं. अठराच कार्बन, पण मधोमध एक दुहेरी बंध आणि तिथे साखळी कोपरात मुडपल्यासारखी वाकलेली. हे रांगेत मावत नाही. शेजारच्यांना ढकलतं. फट पडते, आणि फटीतून औषध आत. हे वाकडं आम्ल शेंगतेलात भरपूर असतं."

"फक्त वाकल्यामुळे?"

"फक्त वाकल्यामुळे. तोच दुहेरी बंध, पण दुसऱ्या ढबीने बसला की साखळी जवळजवळ सरळच राहते आणि जोर कमी पडतो. शेपटाची लांबीसुद्धा बघावी लागते. फार आखूड शेपूट धाग्यांत टिकत नाही, फार लांब असलं तर त्यांच्यातलंच होऊन जातं. मधलं त्रास देतं." तिने पुदिन्याचा खडा चिमटीत धरला. "हा वेगळ्या घराण्यातला. लहान, कडं असलेला, कड्याला ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक हात. त्या स्निग्ध रेणूंची डोकी एकमेकांना धरून असतात ना, ती पकड हा हात घालून सोडवतो. निलगिरी आणि कापरात तो हात नाही, पण ते गोळ्यासारखे जाड. घुसले की जागा करतात. त्यात चोळून कातडी तापवलेली, रक्त वर आलेलं. आणि तुझं मलम रक्तवाहिन्या सैल करणारं. एकदम आत गेलं की रक्तदाब पडणार. माणूसही पडणार."

मी म्हटलं, हे सगळं अंदाजाने. ती म्हणाली, बस मग. तिने पेल्यांच्या दोन जोड्या लावल्या. एकीत कातडीवर नुसतं मलम. दुसरीत मी सांगितल्या प्रमाणात तेल बनवून आधी चोळलं, मग मलम. संध्याकाळी पाचपर्यंत मी त्या स्टुलावर बसून होते. मशीनने कागदावर दोन रेघा काढल्या. तेलवाल्या जोडीची रेघ दुसरीच्या कितीतरी वर. मला रसायनशास्त्र येत नाही, पण कुठली रेघ उंच आहे ते दिसतं.

"एका कानाचं, एका दिवसाचं मोजमाप आहे हे," मेधा म्हणाली. "ह्यावर मी सही करणार नाही. पण तेल लावू नका, चोळू नका, एवढं आजच जाऊन सांग." मग तिने ट्यूबच्या खोक्यातली घडी उलगडली. मुंगीएवढी अक्षरं. "हे बघ. मसाज करू नये, असं लिहिलंय."

इंग्रजीत. मी चिडले, आणि ते चिडणं मी अजून मागे घेतलेलं नाही. ज्या बाईच्या हाताने हे मलम लागणार तिला वाचता येईल अशा भाषेत ती एक ओळ घालायला कुणाचं काय जात होतं? ट्यूब देणाऱ्याने तोंडाने सांगायलाही कुणाचं काय गेलं असतं? पण चिडूनसुद्धा माझ्या पत्रकाची शेवटची ओळ बदलत नव्हती. 'आजच फेकून द्या.' मी विचारलं, फेकून दिलं आणि लावणं एकदम बंद केलं तर?

मेधाचा चेहरा उतरला. "एकदम बंद केलं तर छातीत कळा परत सुरू होतात. कुणी फेकलंय?"

पुन्हा वरळी

मामींना सांगणं भाग होतं. संध्याकाळी सात वाजायच्या आत पोचले. बाटली खाली काढलेली होती. मी रस्त्यात पाच-सहा तऱ्हेने वाक्य जुळवलं होतं, आणि तोंडातून आलं ते सरळच: "मामी, मलमात विष नाही. तेलामुळे आणि चोळण्यामुळे ते जास्त आत जातं. म्हणून मामा पडतात."

मामांना मी धागे सांगितले, वाकडी साखळी सांगितली. त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं. "म्हणजे साच्याच्या फणीचा एक दात वाकला की कापडात फट पडते, तसं," ते म्हणाले. "बरोबर आहे. एक दात पुरतो."

मामींनी बाटलीचं झाकण लावलं, परत फळीवर ठेवली, मग पुन्हा काढून मोरीच्या कोपऱ्यात ठेवली. हात पुसून मामांना म्हणाल्या, "दोन्ही वेळा जिन्यात मीच पाडलं व्हय तुमाला?"

"तू कशाला पाडशील?"

"माझ्याच हातानं."

"अगं सुमन, फणी वाकडी असली तर काय साचेवाल्याला फाशी देतात?"

त्या हसल्या नाहीत. त्या दिवशी मलम कागदासकट नुसतं टेकवलं. मामांना भोवळ आली नाही. तासाभरानंतर ते बोळात दोन फेऱ्या मारून आले. हे बघून मामींना बरं वाटायला हवं होतं. त्या पाठ करून भांडी घासत राहिल्या.

सावंतकाकांचं मी झोपताना सांगितलं. मामी एकदम उठून बसल्या. "आणि तू हितं काय करतीयस?"

डिलाईल रोड, लालबाग आणि परळ

चौथ्या दिवशी मामी माझ्याबरोबर आल्या. खानावळवाल्या बाई म्हणाल्या, सावंत काल जेवूक इलो नाय. त्यांची खोली शोधायला तास गेला. काका जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते, एक हात छातीवर. वर चढताना कळ आली म्हणून बसलेले. दोन दिवसांत तिसऱ्यांदा.

मी सांगून टाकलं. माझं चुकलं, मलम चांगलं आहे, आत्ता इस्पितळात चला, नवीन ट्यूब घेऊ.

त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं. चार घड्या घातलेलं. "ह्या तुमीच लिवलास मा?"

"हो, पण ते चूक आहे."

"छापलला खोटा आणि तोंडान सांगतास ता खरा?"

"हो, काका."

"संपात मालकाची माणसा अशीच येयत. पत्रक फिरवल्यानी, संप मिटलो, कामार चला, म्हणान जिन्यात उभे रवान सांगीत." ते दम घेत बोलत होते. "आमी नाय गेलो. छापून हाडा. खाली नाव घाला."

मी अक्षरशः हात जोडले. खोलीतले दोघे खाली आले होते, तेही मान हलवत होते, सावंत बोलतंत ता बरोबर. मला पहिल्यांदा कळलं की ज्या शिस्तीचं मी वहीत कौतुक केलं होतं तिच्याशी भांडायला माझ्याकडे काहीच नव्हतं. इतक्यात मामी म्हणाल्या, "भाऊ, छापून आणलं तर याल?"

"येतंय."

"इथनं हलू नका. जिना चढू नका." आणि मला म्हणाल्या, "चल गं."

लालबागच्या एका छापखान्यात गेलो. म्हातारा कंपोझिटर हातानेच शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होता. मी उभ्या उभ्या मजकूर सांगितला. पहिलं पत्रक माझी चूक होती. मलम टाकू नका. तेल, बाम काही लावू नका. कागदासकट टेकवा, चोळू नका. आणि ही सूचना मराठीत द्या, अशी इस्पितळाकडे मागणी. तो म्हणाला, "चूक झाली म्हणून पत्रक? पन्नास वर्षं खिळे जुळवतोय, पहिल्यांदाच ऐकतोय. खाली नाव?"

मी माझं सांगितलं.

"माझं बी घाला," मामी म्हणाल्या.

"मामी, तुमची काय चूक?"

"चूक म्हणून न्हाई. तुझं नाव त्यानं एकदा वाचलंय. आता त्याचा काय भरवसा?" मग कंपोझिटरला म्हणाल्या, "लिहा. मी माझ्या नवऱ्याची छाती तेल लावून चोळत होते, म्हणून तो पडत होता. आता चोळत नाही. पडत नाही. सुमन जयवंत कांबळे, बीडीडी चाळ, वरळी."

त्याने दोनदा विचारलं, हे घालायचंच का? त्या म्हणाल्या, घाला. मजकुरातली माझी सगळी वाक्यं त्या तीन ओळींपुढे पोकळ वाटायला लागली. मी दोन वाक्यं कापली.

शाई ओली असतानाच परत गेलो. काका त्याच पायरीवर होते. ओठ काळपट दिसत होते. त्यांनी चष्मा लावला आणि अक्षर अक्षर वाचलं, मधे कळ आली तेव्हा थांबून पुन्हा त्याच ओळीपासून. मला ओरडावंसं वाटत होतं, वाचताय काय, चला! तळाशी बोट नेलं. "सुमन जयवंत कांबळे. ह्या कोण?"

"मी," मामी म्हणाल्या.

त्यांनी मामींकडे बघितलं. कागद खिशात ठेवला. "चला."

परळच्या इस्पितळात टॅक्सीने नेलं. डॉक्टरांनी तपासलं, जिभेखाली गोळी दिली, तासभर झोपवलं. काका उठून बसले तेव्हा ओठांचा रंग परतला होता. डॉक्टरांनी नवीन ट्यूब लिहून दिली, औषध बंद केल्याबद्दल सुनावलं. मी म्हटलं, बंद मी करायला लावलं. त्यांना ऐकायला वेळ नव्हता. मी नवीन पत्रकाची एक प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली. ती त्यांनी वाचली की नाही, माहीत नाही.

ट्यूब घेऊन बाहेर आल्यावर बाकड्यावर काकांनी शर्टाची दोन बटणं काढली. कागदावर रेघेइतकं मलम पिळलं, छातीवर टेकवलं, बटणं लावली. झालं. मामी टक लावून बघत होत्या.

"हे तुम्हाला आत्ता कळलं का आधीपासून असंच लावता?" त्यांनी विचारलं.

"आधीपासून, वयनी. असोच लावतंय."

"कधी चोळलं न्हाई?"

"चोळूक हय कोण आसा?"

एकच इस्पितळ, तीच ट्यूब, आणि या माणसाला एकदाही भोवळ आली नव्हती. मामी स्वतःच्या तळव्यांकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे तुमचंच बरोबर होतं म्हणायचं."

"बरोबर कसला?" काका भिंतीला टेकले. त्यांनी डोळे मिटून घेतले. "चोळणारा कोण असता वयनी, तर मी रोज दोनदा जिन्यार पडाक तयार होतंय."

मामी पदर तोंडाला लावून हसल्या. चार दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा एवढं हसताना पाहत होते. मग त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, सात वाजत आले, मला घरी सोड.